‘बरं’ हा शब्द गाळावा

निवृत्त झाल्यावर मी मशीनला मराठी शिकवायचं काम घेतलं. ऐकायला फार मोठं वाटतं, पण आहे हमालीच. कानाला हेडफोन लावायचे, कुठल्यातरी अनोळखी माणसाचं दोन-तीन मिनिटांचं बोलणं ऐकायचं, मशीनने ते कसं लिहिलंय ते पडद्यावर बघायचं आणि चुका दुरुस्त करायच्या. बत्तीस वर्षं शाळेत मराठीच्या वह्या तपासल्या, आता ही वही तपासते. फरक एवढाच, की हा विद्यार्थी पालकांना घेऊन भांडायला येत नाही. त्याच त्याच चुका करण्याच्या बाबतीत मात्र तो माझ्या सातवी ‘ब’ला साजेसा आहे.

चुका कधीकधी इतक्या झकास असतात, की दुरुस्त करायला जिवावर येतं. एका बाईंनी भाजीवाल्याला ‘कोथिंबिरीची जुडी द्या’ म्हटलं, तर या पठ्ठ्याने लिहिलं, ‘कोथरूडची जोडी द्या’. बिचाऱ्याने कोथरूड जास्त वेळा ऐकलं असणार. दुसऱ्या एक बाई फोनवर सांगत होत्या, ‘हे अजून आले नाहीत.’ मशीनने स्वतःच्या अकलेने त्याचं ‘हे अजून आलं नाही’ करून टाकलं. नवऱ्याचं पार पार्सल केलं! पण बायका नवऱ्याला ‘हे’ म्हणतात हे त्याला कुणी सांगायचं? मीही माझ्या नवऱ्याला ‘हे’च म्हणते, आणि इथेही तेच म्हणणार आहे.

मशीनचा एक गुण मात्र मानायला हवा. ज्या शब्दाची त्याला खात्री नसते, त्या शब्दाखाली ते पिवळी रेघ मारतं. म्हणजे, बाई, मी लिहिलंय खरं, पण तुम्ही एकदा बघा. असा एक विद्यार्थी मला बत्तीस वर्षांत मिळाला नाही.

या कामात मला एक गोष्ट कळली, जी इतकी वर्षं शिकवूनही कळली नव्हती. पडद्यावर बोलण्याची रेघ दिसते, आवाजाप्रमाणे वरखाली होणारी. माझी समजूत अशी, की एक शब्द संपला की रेघ सपाट होईल आणि दुसरा सुरू झाला की परत उठेल, वहीत आपण दोन शब्दांमध्ये जागा सोडतो तशी. छे! ‘मी आले गं’ हे सगळं एकसंध दिसतं, मध्ये फट नावाची चीज नाही. उलट ‘पत्ता’ म्हटलं, तर शब्दाच्या ऐन पोटात रेघ क्षणभर पार झोपते. म्हणजे फट असते तिथे आपल्याला ती ऐकू येत नाही आणि नसते तिथे येते. शब्द बाहेर सुटे नसतातच, ते आपण डोक्यात सुटे करतो. मला काम शिकवणारी कंपनीतली मुलगी म्हणाली, की माणसाचा मेंदू पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज बांधत ऐकत असतो, आणि मशीनही आपल्या परीने तेच करतं. फक्त मशीन असंख्य परक्या माणसांच्या बोलण्यावरून अंदाज करतं आणि आपण आपल्या माणसांच्या. हे ऐकून मला जरा बरंच वाटलं. आपल्या माणसांच्या बाबतीत आपण मशीनच्या पुष्कळ पुढे, असा त्याचा अर्थ मी काढला.

त्या मुलीशी माझं एकदाच भांडण झालं. नियमांच्या यादीत लिहिलं होतं, की अडखळताना येणारे निरर्थक शब्द गाळावेत, आणि उदाहरणं दिली होती: अं, हं, म्हणजे, बरं. मी तिला म्हटलं, ‘अगं, बाकीचे ठीक आहेत, पण ‘बरं’ निरर्थक कसा? पुण्यात ‘बरं’ हा शब्द नसतो, शेरा असतो. सून म्हणाली, मी आज बाहेर जेवणार आहे, आणि सासू म्हणाली, ‘बरं’, तर त्यात केवढं रामायण आहे!’ ती म्हणाली, ‘मॅम, पॉइंट व्हॅलिड आहे, पण रूल तोच आहे.’ मी मनातल्या मनात तिला एक ‘बरं’ दिला आणि गाळायला लागले.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. पेपर वाचत बसले होते. पेपर खाली घसरला तरी उचलेनात, म्हणून मी विचारलं, ‘अहो, काय होतंय?’ तर म्हणाले, ‘बरं.’ मला वाटलं, सकाळी सकाळी टोमणा मारतायत. मीही काहीतरी खोचक बोलले. मग ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला दिसला आणि मी धावत जाऊन शेजारचं दार वाजवलं. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. दोन आठवड्यांनी कर्वेनगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी परत आलो, तेव्हा ह्यांचा उजवा हात लोंबत होता, पाय ओढत होता, आणि तोंडात एकच शब्द शिल्लक होता. भूक लागली, बरं. उकडतंय, बरं. माझा राग आला, तरी बरं.

ह्यांना पुन्हा बोलायला शिकवायला आठवड्यातून दोनदा एक स्पीच थेरपिस्ट घरी यायला लागली. यवतमाळकडची, पंचविशीतली, नोकरीसाठी पुण्यात आलेली. पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘काकू, काकांना सगळं समजून राहिलं. फक्त बोलायचं जमून नाही राहिलं.’ मी सवयीने म्हटलं, ‘समजून राहिलं नाही, समजतंय.’ ती हसून ‘हो काकू’ म्हणाली आणि पुढचं वाक्य पुन्हा तसंच बोलली. तिने समजावून सांगितलं, की शब्द जुळवून तोंडाला हुकूम देण्याचं काम मेंदूच्या डाव्या बाजूला होतं आणि ह्यांची इजा नेमकी तिथे आहे. पण बोलण्याची चाल, तिचा चढउतार, हे बरंचसं उजवी बाजू सांभाळते आणि ती शाबूत आहे. म्हणून शब्द एकच उरला, तरी सूर सगळे होते.

खरं सांगायचं तर हे आधीही फार बोलणाऱ्यांतले नव्हतेच. कात्रजच्या बाजूला एका डेअरीत दूध तपासायच्या प्रयोगशाळेत जन्म काढला. घरी आल्यावर दिवसभरात वीस-पंचवीस वाक्यं, त्यातली निम्मी बोचरी. त्यामुळे एका ‘बरं’वर संसार चालवणं मला जमायला लागलं. आवाज खाली पडला की ‘पुरे आता’. लांबवला की ‘थापा मारू नकोस’. वर उचलला की ‘मग पुढे?’ मला सगळं कळायचं. आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व वाटायचा. मशीनला गाळायला सांगितलेल्या त्या एका शब्दातून मी पाच वाक्यं काढून दाखवत होते.

रोज संध्याकाळी पाच वाजता मी ह्यांना शर्ट चढवून खाली सोसायटीच्या कट्ट्यावर न्यायची. तिथे ह्यांचे चार मित्र बसतात, सगळे निवृत्त. मी ह्यांना बसवायची आणि शेजारी उभी राहायची. कुणी म्हणालं, ‘काय, आज तब्येत कशी?’ की हे म्हणायचे ‘बरं’, आणि मी सांगायची, ‘म्हणतायत, रात्री झोप लागली नाही, पण आता ठीक आहे.’ क्रिकेटचा विषय निघाला, ‘बरं’. मी सांगायची, ‘म्हणतायत, त्या खेळाडूंना घरी बसवा सगळ्यांना.’ हशा पिकायचा. त्या चौघांतल्या एकांचा मार्केट यार्डात कांद्याचा गाळा होता, आवाज अजून तिथलाच. ते सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं म्हणायचे, ‘वहिनी, कमाल आहे तुमची! तुम्ही नसता तर ह्याचं काय झालं असतं!’ मी मानभावीपणाने ‘छे हो, त्यात काय’ म्हणायची. हे समोर झाडाकडे बघत बसायचे.

थेरपिस्टला हे पसंत नव्हतं. ती म्हणायची, ‘काकू, ते सुरू करून राहिले, की तुम्ही संपवून टाकता. काही विचारलं की दहा सेकंद थांबा. मनात मोजा.’ मी म्हटलं, ‘दहा सेकंदांत माझं दूध उतू जातं.’ तिने ते हसण्यावारी नेलं नाही. म्हणाली, ‘डावी बाजू नवीन रस्ता शोधू शकते. पण माणूस खटपट करून राहिला, तरच ती शोधते. खटपट न करता काकांचं सगळं काम होऊन राहिलं, तर मेंदू कशाला त्रास घेईल? उशीर झाला तर दुसरा शब्द येणारच नाही, काकू.’

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे आता नवऱ्याला मीच मुका करत होते की काय! मी तिला सुनावलं, ‘चौतीस वर्षं संसार केलाय मी ह्यांच्याबरोबर. तुझं वयसुद्धा नाही तेवढं. हे काय म्हणतात ते मला कळतं.’ ती तिची पिशवी भरत होती. न बघता म्हणाली, ‘म्हणूनच तर, काकू.’

ते मला इतकं लागलं, की मी ठरवलं, हिला पुराव्यानिशी दाखवायचं. दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी फोनवर रेकॉर्डिंग लावलं, फोन डब्याला टेकवून ठेवला आणि खाली निघेपर्यंत तसाच चालू ठेवला. माझा बेत असा, की ह्यांचे सगळे ‘बरं’ सुटे काढायचे आणि प्रत्येकासमोर अर्थ लिहून तिच्या हातात कागद ठेवायचा. कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये सरावासाठी एक रिकामी जागा असते. घरचं रेकॉर्डिंग तिथे घातलेलं चालतं का, हे मी कुणाला विचारलं नाही. घातलं.

मशीनने पान भरून लिहून दिलं. सगळं माझं. ‘चहा घेताय ना. घेता ना. थोडा गरम आहे. बिस्कीट देऊ. नको ना. बरोबर आहे, सकाळी पोहे जास्त झाले. पंखा वाढवू का. वाढवते.’ प्रश्न माझा, उत्तर माझं, वर शाबासकीही माझीच. ह्यांचा ‘बरं’ कुठेच नव्हता, कारण आम्हीच शिकवलेल्या नियमाप्रमाणे मशीनने तो गाळला होता, आणि तो गाळल्यामुळे काही चुकल्यासारखं वाटतही नव्हतं. घरात दोन माणसं आहेत असं ते पान वाचून कुणी म्हटलं नसतं.

पानाच्या अगदी शेवटी, ‘चला, पाच वाजले, शर्ट बदलू या’ या माझ्या वाक्याला लागून एक शब्द होता आणि त्याच्याखाली पिवळी रेघ होती. नको.

मी हेडफोन लावले. माझ्या वाक्याच्या शेपटीवर ह्यांचा आवाज चढलेला होता. मी म्हटलं, हे ‘बरं’च आहे, मशीनला काय कळतंय. परत ऐकलं. मग माझा आवाज ओलांडून, फक्त त्या तुकड्यावर बोट ठेवून ऐकलं. सुरुवातीला ‘ब’ नव्हता. ओठ मिटल्याचा आवाजच नव्हता. ‘न’ होता, आणि मागून घशातून ओढून काढलेला ‘को’. बारा वेळा ऐकलं असेन. आठ महिन्यांत ह्यांनी दुसरा शब्द काढला होता आणि मी त्याच्यावर उभी राहून शर्टाची बटणं लावत होते.

मशीन शहाणं होतं असं मी म्हणणार नाही. त्याची ह्यांच्याशी ओळख नव्हती, एवढंच. त्यामुळे ह्यांच्या तोंडून ‘बरं’च येणार हे त्याला माहीत नव्हतं. जे कानावर आलं ते त्याने लिहिलं, आणि खात्री नव्हती म्हणून खाली रेघ मारून विचारलं. मी मात्र कान उघडायच्या आधीच सगळं ओळखून बसले होते. एका ‘बरं’मधून मी जी पाच वाक्यं काढायची, त्यातली ह्यांची किती आणि माझी किती, हा विचार मनात आला आणि मी हेडफोन काढून ठेवले. मला स्वतःची लाज वाटली. इतक्या वर्षांत नवऱ्यासमोर वाटली नसेल एवढी.

पण स्वभाव कुठे जातो! नको म्हणजे काय, हेही मी ताबडतोब ओळखून टाकलं. ह्यांना खाली जायला नको असणार. लोकांसमोर असं बसायला संकोच वाटत असणार. बरोबरच आहे. मी त्याच दिवशी कट्ट्यावर निरोप पाठवला, की आता काही दिवस आम्ही येणार नाही. ह्यांनाही सांगितलं, ‘तुमच्या मनाविरुद्ध नाही नेणार आता. चुकलंच माझं.’ आणि आपण किती समजूतदार झालो, म्हणून मनाशी खूश झाले.

पुढचे चार दिवस हे भडकलेले. पाच वाजले की उठून दाराजवळ चपलांच्या कपाटापाशी जाऊन उभे राहायचे आणि काठी आपटायचे. ‘बरं! बरं! बरं!’ मी पाठीवर हात फिरवायची, ‘हो हो, नाही नेत हो कुठे, काळजी नका करू.’ एकदा तर डाव्या हाताने माझा हात झटकून टाकला. मला वाटलं, आजारात माणूस चिडका होतो, आपण सोसायला हवं.

पाचव्या दिवशी थेरपिस्ट नेमकी पाचच्या सुमाराला आली. दार उघडलं तर हे काठी आपटतायत आणि मी ‘नाही नेत, नाही नेत’ करतेय. तिने विचारलं, ‘काय होऊन राहिलं?’ मी तिला सगळं सांगितलं, रेकॉर्डिंगसकट. ती भांडणाचं एक अक्षर बोलली नाही. फक्त म्हणाली, ‘आता विचारा त्यांना. आणि मग काकू, प्लीज.’ तिने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ‘अहो, खाली जायचंय का नाही?’

मोजायला लागले. तीनपर्यंत हे नुसते माझ्याकडे बघत होते. चारला ओठ मिटले, ‘ब’ आला, आणि ह्यांनी स्वतःच मान हलवून तो परत पाठवला. हे मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. म्हणजे ‘बरं’ हा शब्द ह्यांनाही नको होता! तो आपला पुढे पुढे करत येत होता आणि आम्ही सगळे त्यालाच ह्यांचं बोलणं समजत होतो. सातला कपाळाची शीर फुगली. माझ्या जिभेवर तीन वाक्यं तयार होती. ‘जायचंय ना?’, ‘नको वाटतं ना?’, ‘बसा, दमलात.’ त्या मुलीने माझं मनगट घट्ट धरलं. दहा झाले. अकरा, बारा. मग माझं मोजणं चुकलं. जिना चढून कुणीतरी शेजारच्या घरात गेलं, दार लागलं, तरी आम्ही तिघं तसेच उभे.

ह्यांनी काठी भिंतीला टेकवली. डावा हात उचलला आणि बोट माझ्या छातीकडे केलं.

‘तू,’ हे म्हणाले.

मग पुन्हा तेवढाच वेळ. कपाळावर घाम आला होता, पुसायला माझा हात उचलला जात होता, तो मी पदरात गुंडाळून धरला.

‘नको.’

सूर वगैरे काही लावलेला नव्हता. ओळखायला काही शिल्लकच नव्हतं. ह्यांना खाली जायचं होतं, मित्रांत बसायचं होतं, तो एक हट्टी शब्द घेऊन का होईना, स्वतःच्या तोंडाने बसायचं होतं. मी नको होते.

ती मुलगी टुणकन उडीच मारायची बाकी होती. ‘काका! दोन शब्द! वाक्य झालं काका, पूर्ण वाक्य!’ तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हेही हसले, एका बाजूने, तोंड जेवढं वळतं तेवढं. मी खाली बसून ह्यांच्या चपलेचा पट्टा लावला, कारण एका हाताने तो लागत नाही. मुलीला म्हटलं, ‘लिफ्टने खाली सोड ह्यांना, आणि तूही तिथे थांबू नकोस.’

तिने लिफ्टचं बटण दाबलं आणि मागे वळून बघितलं. माझा चेहरा काही लपत नव्हता. ती परत दारापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘काकू, वाईट वाटून राहिलं ना तुम्हाला?’

‘खूप,’ मी म्हटलं. ‘पण या वेळी अंदाज नाही केला गं. ऐकलं.’